टिम टीबो : कर्तृत्व आणि कीर्ति

ज्याच्याविषयीं वर्षानुवर्षें वाद चालतो तो मनुष्य अगदींच सामान्य नसतो, एवढें धरून चालण्यास हरकत नाहीं. परंतु कित्येक वाद मिटत नाहींत, याचें कारण वादाचा विषय फार गहन असतो असें नव्हे. दोन पक्ष दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत असतात, आणि आपण एकाच प्रश्नाचें उत्तर देत आहों अशी मात्र उभयतांची समजूत असते. टिम टीबो या एके काळच्या कॉलेजी फुटबॉलपटूविषयीं अमेरिकेंत जो वाद पंधरा वर्षांहून अधिक काळ चालला आहे तो आमच्या मतें याच जातीचा आहे. एक पक्ष म्हणतो, असा खेळाडू कॉलेजच्या मैदानावर पूर्वीं झाला नाहीं. दुसरा म्हणतो, त्याला चेंडू नीट फेकतांच येत नव्हता. त्याची कीर्ति म्हणजे नुसता गाजावाजा.

साहित्यचर्चेला वाहिलेल्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ग्रंथपरीक्षण करतांना जो प्रश्न आम्हांपुढें नित्य उभा राहतो तोच येथें उभा आहे. कर्त्याचें मोल त्यानें केलेल्या कृतीवरून ठरवावें, कीं त्याच्या हातून पुढें जें व्हावें असें आपणांस वाटलें आणि झालें नाहीं, त्यावरून ठरवावें? हा वाद आम्हीं प्रथम ऐकला तो फ्लोरिडा संस्थानांत, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं. हा गृहस्थ २००७ ते २००९ या काळांत गेन्सव्हिल येथील विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करीत होता, आणि त्याच मैदानावर टीबोचे सामने त्यानें पाहिले होते. त्याचा शेजारी मूळचा डेन्व्हरचा. त्यानें टीबोला तेथें पाहिलेलें. जेवणें आटोपलीं तरी दोघांचा वाद आटोपेना. आम्ही त्रयस्थ म्हणून ऐकत होतों. आणि दोघेहि खरें तेंच सांगत असतां दोघांचेंहि चुकत आहे, असें आम्हांस राहून राहून वाटत होतें. पुढें त्या खेळाचें शक्य तितकें वाचून व पाहून आमचें जें मत बनलें तें येथें मांडतों.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. याला फुटबॉल म्हणत असले तरी त्यांत पायाचें काम थोडें व हातांचें फार. दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू, प्रत्येक बाजूस अकरा गडी, आणि शंभर यार्डांचें मैदान. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तेवढें साधलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. पुढें सरकण्याचे मार्ग दोन: चेंडू छातीशीं धरून धावावयाचें, किंवा पुढें धावत गेलेल्या आपल्या गड्याकडे तो फेकावयाचा. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो, आणि प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर कोसळण्यापूर्वीं दोन-तीन सेकंदांत ज्याला निर्णय करावा लागतो, तो क्वार्टरबॅक. नाटकमंडळींत नायकाचें जें स्थान तें संघांत त्याचें. टाळ्याहि त्याच्या आणि शिव्याहि त्याच्याच.

दुसरी एक गोष्ट आपणांस विशेष वाटण्यासारखी आहे. त्या देशांत कॉलेजांचा फुटबॉल हा विद्यार्थ्यांचा फावल्या वेळचा खेळ नव्हे. गेन्सव्हिलच्या मैदानावर शनिवारीं ऐंशीं हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. कॉलेजांतून निवडक खेळाडू बत्तीस संघांच्या धंदेवाईक लीगमध्यें जातात. प्रतिवर्षीं सात फेऱ्यांत अडीचशेंच्या आसपास तरुणांची निवड होते. त्यामुळें कॉलेजचा खेळ म्हणजे धंदेवाईक खेळाची केवळ उमेदवारी, अशी एक समजूत सहजच रूढ झाली आहे. या समजुतींतच आमच्या मतें वादाचें मूळ आहे; परंतु तिचा विचार पुढें करूं.

टीबोचा जन्म १९८७ सालीं फिलिपीन्समध्यें, मकाती या शहरीं झाला. आईबाप ख्रिस्ती धर्मप्रचारक होते आणि मुलाचें शिक्षण घरींच झालें. २००६ सालीं तो फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघांत आला. पहिल्या वर्षीं मुख्य क्वार्टरबॅक ख्रिस लीक हा होता. अगदीं थोडें अंतर तोडावयाचें असतां हा दांडगा नवशिका मैदानांत येई आणि गर्दींत शिरून वाट काढी. जानेवारी २००७ मध्यें ओहायो स्टेटला ४१–१४ असें हरवून फ्लोरिडानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, त्यांत याचाहि हात होता. २००७ च्या हंगामांत मुख्य जागा त्याच्याकडे आली, आणि त्यानें ३२ टचडाउन फेकून व २३ स्वतः धावून केले. एकाच हंगामांत दोन्ही रीतींनीं वीस-वीस करणारा त्या श्रेणींतला तो पहिला खेळाडू. कॉलेजांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस १९३५ पासून दिलें जाणारें हाइझमन पारितोषिक त्या वर्षीं त्याला मिळालें. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास तें तोंपर्यंत कधीं मिळालें नव्हतें.

२७ सप्टेंबर २००८ रोजीं फ्लोरिडाचा संघ स्वतःच्या मैदानावर मिसिसिपीकडून ३१–३० असा एका गुणानें हरला. सामन्यानंतर टीबो वार्ताहरांसमोर आला, दाटलेल्या कंठानें त्यानें चाहत्यांची क्षमा मागितली, आणि उरलेल्या हंगामांत आपल्याइतकी मेहनत करणारा खेळाडू व आपल्या संघाइतका झटणारा संघ कोणास दिसणार नाहीं, असें वचन दिलें. पराभूत वीराचीं अशीं वचनें आपण पुष्कळ ऐकतों. हें वचन मात्र पाळलें गेलें. उरलेला एकहि सामना तो संघ हरला नाहीं, आणि ८ जानेवारी २००९ रोजीं ओक्लाहोमावर २४–१४ असा विजय मिळवून पुन्हां अजिंक्य ठरला. ते शब्द कोरलेला फलक आज तेथील क्रीडागारावर आहे. पुढील वर्षीं संघ एकच सामना हरला, तो अलाबामाशीं, आणि त्या वेळीं मैदानावर रडणाऱ्या टीबोचीं छायाचित्रें सर्वत्र छापलीं गेलीं. त्याचा शेवटचा कॉलेजी सामना १ जानेवारी २०१० रोजीं सिन्सिनाटीशीं झाला. त्यांत त्याच्या ३५ फेकींपैकीं ३१ आपल्या गड्याच्या हातीं पडल्या. चार वर्षांची बेरीज ८८ टचडाउन फेकून व ५७ धावून, अशी झाली. धावून केलेल्या टचडाउनांचा आपल्या परिषदेंतील हर्शेल वॉकरचा ४९ चा उच्चांक त्यानें मोडला. आणि वॉकर हा धावण्यासाठींच जन्मलेला खेळाडू होता.

येथपर्यंतची कथा यजमानाच्या बाजूची. येथून पुढची शेजाऱ्याच्या बाजूची.

२०१० सालीं डेन्व्हरच्या संघानें पहिल्याच फेरींत, पंचविसाव्या क्रमांकानें, त्याला घेतलें. २०११ च्या हंगामांत संघ पहिल्या पांच सामन्यांपैकीं चार हरल्यावर त्याला मुख्य जागा मिळाली. त्यानें अकरा सामने खेळवून सात जिंकून दिले आणि संघ बाद फेरींत गेला. तेथें पिट्सबर्गसारख्या बलाढ्य संघास हरवून पुढच्याच सामन्यांत न्यू इंग्लंडकडून ४५–१० असा मार खाल्ला. दोन महिन्यांत डेन्व्हरनें पेटन मॅनिंग या नामांकित क्वार्टरबॅकला आणलें आणि टीबोला न्यू यॉर्कच्या जेट्स संघाकडे धाडून दिलें. तेथें सबंध हंगामांत त्याला आठ वेळां चेंडू फेकावयास मिळाला. २०१३ सालीं न्यू इंग्लंडनें व २०१५ सालीं फिलाडेल्फियानें त्याला हंगामापूर्वींच निरोप दिला. मग कांहीं वर्षें तो बेसबॉलच्या दुय्यम संघांतून खेळला. २०२१ सालीं त्याचे जुने गुरु अर्बन मायर यांनीं जॅक्सनव्हिलच्या संघांत त्याला निराळ्याच जागेवर खेळण्याची संधि दिली. पण ती प्रारंभींच्या सामन्यांपलीकडे टिकली नाहीं. धंदेवाईक खेळांत त्याच्या ३६१ फेकींपैकीं १७३ साधल्या. म्हणजे शेंकडा अठ्ठेचाळीसहि नाहींत. आणि त्या काळीं सामान्य क्वार्टरबॅकचें प्रमाण साठाच्या आसपास होतें.

आतां पक्षांचें म्हणणें तपासूं. चाहत्यांचा मुख्य मुद्दा असा कीं, तो जिंकतो. रीत कशीहि असो. याच्या पुष्ट्यर्थ १३ नोव्हेंबर २०११ चा कॅन्सस सिटीचा सामना सांगतात. त्यांत टीबोनें आठच फेकी केल्या, दोनच साधल्या, आणि डेन्व्हर १७–१० असा जिंकला. गंमत अशी कीं, विरोधकहि हाच सामना पुरावा म्हणून पुढें करतात. एक म्हणतो, ‘दोन फेकींत सामना जिंकला!’ दुसरा म्हणतो, ‘सबंध सामन्यांत दोनच फेकी!’ एकाच वस्तुस्थितीवरून दोन विरुद्ध निकाल निघूं लागले म्हणजे टीकाकारानें समजावें कीं, वस्तुस्थिति अजून कोणी पाहिलेलीच नाहीं. त्या दिवशीं डेन्व्हरचे गडी पन्नासांहून अधिक वेळां चेंडू घेऊन धावले आणि बचावाच्या गड्यांनीं प्रतिपक्षास दहांवर रोखलें. विजय संघाचा होता. नांव एकाचें झालें.

शिकागोविरुद्धचा डिसेंबरमधील सामना याहून बोलका आहे. डेन्व्हर हरत असतां प्रतिपक्षाचा एक गडी चेंडूसह रेषेबाहेर गेला, त्यामुळें घड्याळ थांबलें आणि डेन्व्हरला वेळ मिळाला. मॅट प्रेटरनें ५९ यार्डांवरून लाथेनें चेंडू मारून बरोबरी केली. जादा वेळांत त्याच प्रतिपक्षी गड्याच्या हातून चेंडू सुटला, आणि प्रेटरनेंच ५१ यार्डांवरून विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशीं लोकांच्या तोंडीं नांव टीबोचें! ‘जिंकणें’ हा एका मनुष्याचा गुण मानला म्हणजे असा अन्याय होतो, आणि तो प्रेटरवर होतो, बचावाच्या गड्यांवर होतो. हे लोक वादाच्या कोणत्याच पक्षांत नसल्यामुळें त्यांची दाद कोणी घेत नाहीं.

तथापि विरोधकांनीं एवढ्यावर टाळी वाजवूं नये. तोच प्रेटर व तेच बचावाचे गडी असतां संघ पांचांतले चार सामने हरला होता. टीबो आला आणि कांहींतरी बदललें. काय बदललें? क्वार्टरबॅक स्वतः धावून जाईल ही भीति प्रतिपक्षास सतत राहिली म्हणजे त्याचा एक गडी त्याच्यावर नजर ठेवण्यांत गुंततो, आणि इतरांस धावावयास वाट मोकळी होते. डेन्व्हरच्या शिक्षकांनीं हें ओळखून आपली सारी रचना बदलली, आणि त्या वर्षीं धावून तोडलेल्या अंतरांत डेन्व्हरचा संघ लीगमध्यें पहिला आला. हा गुण खरा होता. तो फेकींच्या तक्त्यांत दिसत नाहीं, एवढेंच.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा कीं, त्याला चेंडू फेकतां येत नव्हता. यांतील तथ्य आम्ही अगदीं मोकळेपणानें मान्य करतों. टीबो डावखुरा. फेकण्यापूर्वीं चेंडू कंबरेकडे खालीं नेऊन मोठा वळसा देऊन वर आणण्याची त्याची लकब होती. त्यांत क्षणाचा कांहीं भाग जाई, आणि जेथें प्रतिपक्षाचा गडी झेलणाऱ्यापासून हातभर अंतरावर असतो तेथें तेवढा भाग पुरतो. निवडीपूर्वीं त्यानें ही लकब सुधारण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. परंतु दडपणाखालीं हात आपल्या जुन्या वाटेनें जातो, हें बाराखडी गिरवणाऱ्या मुलापासून पट्टीच्या गवयापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. पण मग कॉलेजांत त्याच्या फेकी शेंकडा सहासष्टांहून अधिक साधत, तें कसें? विरोधक म्हणतात, तो कॉलेजचा भ्रम होता. आम्ही म्हणतों, तो कॉलेजचा खेळ होता. तेथें मैदानावरील खुणेच्या रेषा एकमेकींपासून चाळीस फूट अंतरावर असतात, धंदेवाईक खेळांत साडेअठरा. त्यामुळें कॉलेजांत मैदानाची एक बाजू नेहमीं विस्तीर्ण राहते आणि झेलणाऱ्यास मोकळी जागा मिळते. मायर यांची रचनाच अशी कीं, बचावाच्या गड्यांना मैदानभर पसरावयास लावावें आणि मधून हा दांडगा घुसवावा. तो घुसेल म्हणून ते आंत धांवले कीं चेंडू बाहेर टाकावा. या रचनेंत फेक ही धावेची दासी होती. दासीचें काम तिनें उत्तम केलें. पट्टराणीच्या आसनावर बसवतांच तिचीं उणीं उघडीं पडलीं.

८ जानेवारी २०१२ रोजीं पिट्सबर्गविरुद्ध जी फेक झाली तींत हें सर्व एका ठिकाणीं पाहावयास मिळतें. सामना बरोबरींत सुटून जादा वेळ सुरू झाला. प्रतिपक्षाचा बचाव त्या वर्षीं लीगमधील सर्वोत्तम. परंतु टीबो आतां धावणार किंवा कोणाकडून धाव करवणार, या अदमासानें त्याचे मागचे गडीहि पुढें सरकून उभे राहिले. टीबोनें धावेची हूल दिली आणि चेंडू मधोमध डिमॅरियस टॉमसकडे फेकला. फेक सरळ व स्वच्छ होती. परंतु अवघड नव्हती, कारण टॉमसच्या मागें मैदान रिकामें होतें. त्यानें एका प्रतिस्पर्ध्यास हातानें लोटलें आणि ऐंशीं यार्ड पार करून सामना संपविला. चाहते यास चमत्कार म्हणतात आणि विरोधक दैव म्हणतात. आम्हांस यांत चमत्कारहि दिसत नाहीं व दैवहि दिसत नाहीं. मागचें मैदान रिकामें झालें तें टीबोच्या पायांच्या धाकानें. त्याच्या गुणानें त्याच्या उणीवेचें काम सोपें केलें. मात्र प्रतिपक्षास ही युक्ति उमगली म्हणजे तिचें बळ किती उरतें, तें पुढच्याच सामन्यांत दिसून आलें.

कोणी म्हणतात, टीबो मोठा दिसला तो सोबत्यांमुळें. पर्सी हार्विनसारखा चपळ गडी, पाउन्सी बंधूंसारखे पुढचे खांब, जो हेडनसारखा बचावपटु, असे पुढें धंदेवाईक खेळांत गाजलेले कितीतरी जण त्या संघांत होते, हें खरें आहे. पण त्याच संघांत टीबोचा राखीव म्हणून आणखी एक तरुण बसलेला होता, कॅम न्यूटन. तो पुढें ऑबर्न विद्यापीठांत गेला, २०१० चें हाइझमन त्यानें मिळविलें, २०११ च्या निवडींत तो पहिला आला, आणि २०१५ सालीं धंदेवाईक लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. ‘न्यूटनला बसवून टीबोला खेळविलें, ही केवढी चूक!’ असें आज म्हणणारे आहेत. परंतु त्या मैदानावर त्या वर्षीं टीबोच्या जागीं दुसऱ्या कोणास बसवावें असें कोणत्या शिक्षकास वाटलें असतें? पुढें काय झालें तें कळल्यावर मागचा निकाल फिरविणें हा न्याय नव्हे. राखीव तरुण पुढें मोठा झाला, म्हणून मुख्य खेळाडूनें तेव्हां जें केलें तें लहान होत नाहीं.

याच्या उलट टोकाचे कांहीं चाहते म्हणतात, टीबो दहा वर्षें लौकर जन्मला. आज असता तर शिखरावर असता. याला आधार म्हणून लमार जॅक्सनचें उदाहरण देतात. जॅक्सन हाहि धावणारा क्वार्टरबॅक. बाल्टिमोरनें त्याच्या पायांभोंवतीं सारा खेळ उभारला, २०१९ सालीं तो बाराशेंहून अधिक यार्ड धावला आणि लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. उदाहरण चांगलें आहे, पण तें अर्धें सांगितलें जातें. त्याच वर्षीं जॅक्सनच्या शेंकडा सहासष्ट फेकी साधल्या होत्या. काळ अनुकूल झाला म्हणजे दार उघडतें. आंत बसण्याची लायकी ज्याची त्यानेंच आणावी लागते. टीबोला दार थोडें अधिक वेळ उघडें राहिलें असतें, एवढें आम्ही मानूं. त्यापलीकडे मानण्यास पुरावा नाहीं.

या वादास आणखी एक रंग चढला तो धर्माचा. उन्हाची तिरीप लागूं नये म्हणून खेळाडू डोळ्यांखालीं काळा पट्टा ओढतात. त्यावर टीबो बायबलांतील वचनांचे आंकडे लिही. ओक्लाहोमाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यानें योहानाच्या तिसऱ्या अध्यायांतील सोळावें वचन लिहिलें होतें. बरोबर तीन वर्षांनीं, त्याच तारखेस, पिट्सबर्गविरुद्ध त्याच्या फेकींचे यार्ड भरले ३१६! भाविकांनीं यांत ईश्वरी संकेत पाहिला, आणि अश्रद्धांनीं भाविकांच्या रागानें खेळाडूसहि हिणविलें. मैदानावर गुडघा टेकून प्रार्थना करण्याची त्याची ढब इतकी प्रसिद्ध झाली कीं, तिच्यासाठीं लोकांनीं त्याच्या नांवाचेंच क्रियापद केलें. आमच्या मतें यापरती हानि त्याच्या खऱ्या परीक्षणाची दुसऱ्या कशानेंहि झाली नाहीं. एक पक्ष प्रार्थनेला गुण देऊं लागला, दुसरा प्रार्थनेचे गुण कापूं लागला, आणि खेळ पाहावयास कोणी उरलें नाहीं. दावाओ येथील मुलांच्या रुग्णालयास त्याच्या संस्थेनें केलेलें साहाय्य स्तुत्य आहे. पण त्यानें एकहि फेक सरळ होत नाहीं. त्याचप्रमाणें त्याची श्रद्धा कोणास रुचत नसली, तरी त्याचा एकहि टचडाउन रद्द होत नाहीं. संतांची कविता आपण चांगली म्हणतों ती कविता म्हणून, आणि त्यांस वंदन करतों तें संत म्हणून. हे दोन हिशेब एका वहींत लिहूं नयेत.

आतां मूळ समजुतीकडे येऊं. कॉलेजचा खेळ म्हणजे पुढच्या खेळाची उमेदवारी असेल, तर टीबो हा नापास झालेला उमेदवार आहे यांत संशय नाहीं. परंतु मग तो एकटाच नापास नाहीं. २००१ चा हाइझमन विजेता एरिक क्राउच, २००३ चा जेसन व्हाइट, १९९३ चा चार्ली वॉर्ड, यांपैकीं एकहि धंदेवाईक लीगच्या एकाहि सामन्यांत क्वार्टरबॅक म्हणून खेळला नाहीं. वॉर्ड तर बास्केटबॉलकडे वळला आणि न्यू यॉर्कच्या संघांत पुष्कळ वर्षें खेळला. उलट, मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीला २००० सालच्या निवडींत १९८ तरुण निवडून झाल्यावर जागा मिळाली. आणि पुढें त्याच्याएवढीं अजिंक्यपदें दुसऱ्या कोणा खेळाडूस मिळालीं नाहींत. एका परीक्षेचा निकाल दुसऱ्या परीक्षेशीं इतक्या वेळां जुळत नसेल, तर विद्यार्थी लबाड होते असें म्हणण्यापेक्षां त्या दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत असें म्हणणें अधिक शहाणपणाचें. नाटक उत्तम लिहिणाऱ्यास कादंबरी साधली नाहीं, तर त्याचीं नाटकें मागाहून वाईट ठरत नाहींत. कॉलेजचा फुटबॉल ही स्वयंपूर्ण कलाकृति आहे. तिला आरंभ आहे, मध्य आहे, आणि चौथ्या वर्षीं शेवट आहे. तिच्या मर्यादेंत टीबोनें जें केलें तें पहिल्या प्रतीचें आहे, आणि २०२३ सालीं कॉलेज फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची झालेली निवड हा पुढील अपयशाचा विसर नसून मागील यशाची योग्य नोंद आहे.

म्हणून आमचा निर्णय असा. टीबो हा मोठा कॉलेजी खेळाडू होता, फार मोठा. धंदेवाईक क्वार्टरबॅक म्हणून तो उणा होता, आणि ती उणीव शिक्षकांच्या आकसानें किंवा वृत्तपत्रांच्या कारस्थानानें आलेली नसून त्याच्या हाताच्या वळणांत होती. चाहत्यांनीं दुसरें वाक्य मान्य करावें, विरोधकांनीं पहिलें मान्य करावें. दोन्ही वाक्यें शेजारीं शेजारीं सुखानें नांदूं शकतात. ‘खरी योग्यता’ म्हणून कांहींतरी एकच वस्तु मनुष्याच्या पोटांत दडलेली असते, आणि शेवटच्या परीक्षेंत ती बाहेर पडून आधींच्या सर्व परीक्षा खोट्या पाडते, ही कल्पनाच सोडून दिली पाहिजे. योग्यता ही कशाची तरी असते, कोठें तरी असते, आणि केव्हां तरी असते.

हें लिहितांना आम्हांस स्वतःसंबंधीं एक कबुली दिली पाहिजे. ज्याच्या घरीं हा वाद आम्हीं ऐकला तो विद्यार्थी बी. ए. च्या वर्गांत असतां त्यानें शेक्सपिअरच्या एका नाटकावर निबंध लिहिला होता. तसा निबंध आमच्या तीस वर्षांच्या नोकरींत आमच्या हातीं पुन्हां आला नाहीं. हा मुलगा मोठा लेखक होणार, असें आम्हीं सर्वांस सांगत सुटलों. तो अमेरिकेस गेला, पदवी घेतली, आणि एका विमा कंपनींत नोकरीस लागला. नंतर त्यानें कांहीं लिहिलें नाहीं. तेव्हांपासून शिक्षकांच्या खोलींत त्याचें नांव निघालें कीं आम्ही म्हणत असूं, ‘फुकट गेला हो तो मुलगा!’ हें त्याच्या कानीं गेलें असावें. त्या रात्रीं शेजारी निघून गेल्यावर भांडीं आवरतां आवरतां तो म्हणाला, “सर, पुढें तो टिकला नाहीं हें मलाहि कबूल आहे. पण त्या शनिवारीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें तें खोटें होतें, असें कां म्हणावें?”

आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं परत आल्यावर जुन्या कागदांतून तो निबंध काढून पुन्हां वाचला. त्यावर आमच्याच हातचा तांबड्या शाईचा शेरा आहे, ‘उत्तम’. तो शेरा बदलण्यासारखें त्यांत आजहि कांहीं नाहीं.